मागच्या खोलीचा रंग

“मागच्या खोलीला काय मारायचं?” रुद्रेशनं विचारलं, आणि ओसरीवर बसलेली माणसं एकदम दुसरीकडं बघायला लागली.

बलभीमअण्णांना दारातल्या लिंबाच्या झाडात काहीतरी दिसलं. मथुराबाई निवडून झालेली डाळ पुन्हा सुपात ओतून निवडायला लागल्या. कुलदीपनं मोबाइल बाहेर काढला. त्याचं चार्जिंग कधीच संपलं होतं, तरी तो काचेवर बोट फिरवत राहिला. रुद्रेश मुरूम गावचा रंगारी. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? हॉल ठरला, स्वयंपाकघर ठरलं, कुलदीपची बेडरूम ठरली, राहिली ती खोली त्यानं विचारली.

“ती राहू द्या शेवटी,” निकिता म्हणाली. रंगांचं शेडकार्ड तिच्याच मांडीवर होतं. “तिचं अजून ठरलं नाही.”

“ठरलं की सांगा बगा. एका रंगापायी लोहाऱ्याला परत हेलपाटा नगं.”

“सांगते.”

खोली निकिताची होती आणि अडचण तीच होती.

माकणी गावात जुनी माणसं अजून काळ भूकंपाच्या आधी आणि भूकंपाच्या नंतर असा मोजतात. नंतर मिळालेल्या घराची ही मागची खोली. पुढं अण्णांनी स्लॅबच्या खोल्या जोडल्या, ओसरी काढली, फाटक बसवलं, आणि ही खोली मागं राहून गेली. तिच्यात कधी ज्वारीची पोती असायची, कधी स्प्रिंकलरचे पाइप. पुण्यातल्या नवऱ्यानं दुसरं घर मांडलं, फारकत झाली आणि निकिता एक बॅग घेऊन माघारी आली, तेव्हा तिच्या वडिलांनी, अण्णांनी, न बोलता पाइप बाहेर काढले आणि एक खाट आत टाकली. तिला कुणी कधी घालून पाडून बोललं नाही. पण ‘राहा’ असंही कुणी म्हणालं नाही. ती राहत गेली, एवढंच.

कुलदीप तिचा धाकटा भाऊ. निर्व्यसनी, कष्टाळू, शेतात धरणाचं पाणी, ऊस आणि थोडा भाजीपाला. पण मुलगी मिळेना. येणारा प्रत्येक जण नोकरी विचारायचा, आणि शेतीला कुणी नोकरी म्हणत नाही. एक स्थळ जमत आलं होतं. मुलीच्या आईनं घरभर फिरून झाल्यावर मागच्या खोलीत डोकावून विचारलं, “ह्या कायमच्या इथंच का?” निकिताच्या आईचा, मथुराबाईंचा, चेहरा उतरला, आणि त्या लोकांचा पुन्हा फोन आला नाही. त्या दिवशी संध्याकाळी घरात कुणी निकिताला काही बोललं नाही. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

मग मध्यस्थानं तोडगा काढला. म्हणाला, “घर जरा झ्याक करा, रंगबिंग मारा. आन पोरगी पुण्यात दिलीया म्हणून सांगा. दिलीवती का न्हाय? मग खोटं कुठं हाय त्यात?”

आणि घर झ्याक करायचं काम निकितानं अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. पुण्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालक साधा खिळा ठोकू देत नसे. तिथं ती येताजाता लोकांच्या खिडक्यांतले पडदे बघायची आणि मनातल्या मनात आपलं घर लावायची. ते मनातलं घर आता हाताशी आलं होतं. ती भिंतींना हात लावत फिरली. ऊन कुठून येतं, कुठं थांबतं, ते बघत राहिली. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला सकाळी उठावंसं वाटायला लागलं. आपण कुणाचं घर लावतोय आणि कुणाला बाहेर ठेवून लावतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण रंग बघताना ते विसरता यायचं.

हॉलला मोतिया, त्यातली एकच भिंत मोरपंखी. स्वयंपाकघराला पिकल्या लिंबाचा पिवळा. अण्णा पोपटीवर अडून बसले, कारण त्यांच्या घराला आजवर पोपटीच होता. शेवटी त्यांना फाटक दिलं पोपटी. कुलदीपच्या बेडरूमला तिनं अबोली ठरवला तेव्हा मथुराबाई म्हणाल्या, “अबोली? बाळंतिणीच्या खोलीगत दिसंल.”

“दिसू दे की. तेच पायजे ना तुला?”

मथुराबाई बऱ्याच दिवसांनी मोकळ्या हसल्या. कुलदीप लाजून गोठ्याकडं निघून गेला.

रुद्रेशनं पलंगाच्या डोक्यावर फळ्यांचं कपाट सुचवलं. मोबाइलवर फोटोही दाखवला, पुण्या-मुंबईला सगळे तसंच करतात म्हणाला. मथुराबाईंनी फोटो बघितलाच नाही. “डोक्यावर वझं न्हाय पायजे,” एवढंच म्हणाल्या. त्यावर वाद झाला नाही. भूकंपापासून ह्या भागात त्यावर कुणी वाद घालत नाही. पलंग दाराजवळ ठेवायचा, दार बाहेर उघडणारं, आणि झोपणाऱ्याच्या डोक्यावर काही नको. निकितानं सगळी बेडरूम त्या हिशोबानं बसवली. मागच्या खोलीतली तिची खाटही दारापाशीच होती.

*

नव्या स्थळाचे, नळदुर्गचे पाहुणे दुपारी जेवायला येणार होते. त्याआधी निकितानं तेर गावी मावशीकडं जायचं, आणि ते गेल्यावर परत यायचं, असं ठरलं होतं. ठरवलं तिनंच. आईला ते तोंडानं सांगावं लागू नये म्हणून तिनंच आधी विषय काढला, आणि मथुराबाईंनी “बरं” म्हणायला जरासुद्धा वेळ लावला नाही.

पण सकाळी बघते तर हॉलचा पडदा एका अंगाला उतरलेला. एवढा एक सरळ करून निघू म्हणून ती स्टुलावर चढली. पाहुण्यांनी पहाटे तुळजापूरला दर्शन घेतलं होतं आणि गर्दी नसल्यामुळं ते लवकर मोकळे झाले होते. पोपटी फाटकातून चारचाकी आत आली तेव्हा निकिताच्या हातात पडद्याच्या कड्या होत्या, कुडत्यावर रंगाचे शिंतोडे होते आणि मागच्या दारानं निघून जायला वेळ उरला नव्हता.

मुलीचे मामा पुढं, मामी मागं आणि त्यांच्या मागं स्वतः मुलगी, शिवांजली. आता मुलीही घर बघायला येतात. मामी आत आल्या, हॉल बघितला, पडदा बघितला आणि स्टुलावर नजर थांबली.

“ह्या कोण म्हणायच्या?”

मथुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा निकितानं वरून बघितला. मागच्या स्थळाच्या वेळी अगदी असाच झाला होता. कुलदीपनं तोंड उघडलं. तो खरं बोलून जाईल, त्याला खोटं जमत नाही, हे तिला माहीत होतं.

“मी इंटेरियरचं बघते,” निकिता स्टुलावरूनच म्हणाली. “धाराशिवहून येते. एवढा पडदा झाला की निघालेच.”

शब्द बाहेर पडले आणि सगळं घर सैल झालं. मथुराबाईंनी श्वास सोडलेला तिला दिसला. कुलदीपनं कपाळ पुसलं आणि हसून म्हणाला, “हां, ह्या... निकिता मॅडम.” त्या हसण्यानं ती दुखावली. आपण खोटं बोललो ह्याचं तिला इतकं वाईट वाटलं नाही, जितकं ते सगळ्यांना इतकं पटकन आवडलं ह्याचं वाटलं.

“अगं बाई, मग बसा की तुमीबी,” मामी म्हणाल्या. “आमाला सगळं दाखवूनच जावा.”

झालं. आता निघताही येईना. ती आपल्याच हॉलमधल्या सोफ्याच्या कडेवर पाहुणीसारखी बसली. मथुराबाईंनी चहा आणला. कप शोकेसमधले, सोनेरी काठाचे, ज्यांना घरातलं माणूस हात लावत नसे. ट्रे निकितासमोर आला तेव्हा तिनं मान वर केली. आईची नजर ट्रेवर होती.

“घ्या,” मथुराबाई म्हणाल्या.

मग घर दाखवणं. मामा बोलके होते, नळदुर्गला त्यांचं हार्डवेअरचं दुकान, त्यामुळं प्रत्येक कडी-कोयंडा ते हलवून बघत होते. मोरपंखी भिंतीपुढं उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. मामींची नजर बारीक होती. बेडरूममध्ये त्या म्हणाल्या, “पलंग दाराच्या इतका जवळ कसा काय ठिवला?”

“इकडं तसंच बरं वाटतं माणसांना,” निकिता म्हणाली. “घाईत बाहेर पडता येतं.”

मामींना ते कळलं. त्या उगाच भिंतीवरून हात फिरवून पुढं गेल्या.

तेवढ्यात अण्णा रानातून आले. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. दारात चप्पल काढता काढता त्यांनी बघितलं, लेक अजून घरातच आहे आणि पाहुण्यांच्या मधोमध उभी आहे. कुलदीप पुढं होणार तोच मामांनी हाक मारली, “या पावणं, या! घर लई बेस केलंय ह्या इंटेरियरवाल्या बाईंनी. हुशार हायत.”

अण्णांनी मामांकडं बघितलं, मग बायकोकडं, मग निकिताकडं. त्यांना समजायला फार वेळ लागला नाही.

“व्हय,” ते म्हणाले. “लई हुशार हाय.”

आणि पाय धुवायला नळावर गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

*

मागच्या खोलीचं दार शिवांजलीनंच ढकललं. मथुराबाई हॉलमधून घाईनं म्हणाल्या, “ती आपली सामानाची हाय, तिथं काय न्हाय बगाय,” पण तोवर ती आत गेली होती. निकिता तिच्या मागं गेली. दुसरं करणार काय?

भिंती जुन्या, चुना पोपडे धरलेला. दारापाशी खाट, वर नीट घडी घातलेली चादर. खिडकीत आरसा, त्याच्या कडेला एक टिकली चिकटवलेली. दोरीवर ओढणी. सामानाच्या खोलीत ओढणी कशी वाळत असेल, हे कुठल्याही बाईच्या लक्षात येईल.

“इथं कुणी राहतं?”

“मीच,” निकिता म्हणाली. “रोज जाणंयेणं जमत नाही.”

शिवांजलीनं मान हलवली. मुलगी शांत होती, तुळजापूरला एका लॅबमध्ये कामाला होती, आणि आल्यापासून घरातलं काहीही बघून ना हसली होती ना नाक मुरडलं होतं. आता मात्र तिनं दार पुढं लोटलं आणि आवाज खाली केला.

“ताई, तुम्हाला एक विचारू? तुम्ही इतके दिवस ह्या घरात वावरताय. बाहेरच्या आहात म्हणून विचारते. ही माणसं कशी आहेत?”

निकिताला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही तिनं गिळलं.

“मुलगा चांगला आहे,” ती म्हणाली. “खोटं बोलायला गेला की कान लाल होतात त्याचे. आई... आई घाबरते फार. लोक काय म्हणतील म्हणून. पण तोडून बोलायची नाही कुणाला. अण्णा कमी बोलतात.”

“बायामाणसांना कसं वागवतात?”

खाटेवरचं शेडकार्ड उचलून निकिता पानं उलटत राहिली. “हात उगारत नाहीत. उपाशी ठेवत नाहीत,” ती म्हणाली, आणि आपण एवढंच का बोललो ते तिचं तिलाच उमगलं.

शिवांजली खाटेच्या कडेला बसली. “माझे बाबा गेल्यापासून आम्ही मामांकडं आहोत. मामी वाईट नाहीत. पण घर भरलेलं आहे हो. आई जिन्याखाली झोपते. कुणी वर चढलं की तिच्या अंगावर धूळ पडते, आणि ती म्हणते, कुठं पडते, मला तर काही कळत नाही. मी इतकी स्थळं नाकारली, सगळ्यांना वाटतं हिला नोकरीवाला पाहिजे. मला नोकरीवाला नको. मला आईसाठी एक खोली पाहिजे.” तिनं भिंतीला हात लावला. “ही मोकळीच आहे म्हणतात. मी मागितली, आईला इथं घेऊन येते म्हणाले, तर नाही म्हणतील का?”

निकिताला त्या मुलीचा राग आला. सरळ, उघडा राग. आल्या आल्या खोली मागते! मग जिन्याखाली झोपणारी ती बाई तिला दिसायला लागली, जिला ती ओळखतही नव्हती, आणि तिच्यावर राग धरता येईना. दोघींपैकी एकीलाच जागा, आणि निकाल द्यायला बसवलं होतं निकितालाच. ‘नाही म्हणतील’ एवढं ती बोलली असती तर पुरलं असतं. मुलगी उठून गेली असती, खोली राहिली असती, आणि कुलदीप पुन्हा बंद मोबाइलवर बोट फिरवत ओसरीवर बसला असता.

आणि खरं सांगितलं तर? ही पोर समजूतदार आहे. आईचं दुःख बघितलेली आहे. कदाचित हिला समजेल. कदाचित हीच म्हणेल, तुम्हीही राहा.

“एक सांगू का तुम्हाला,” निकितानं सुरुवात केली. “मी खरं तर—”

“शिवांजली!” मामींची हाक आली. “आटप गं, समदी जेवायला थांबल्यात.”

शिवांजलीनं तिचा हात धरला. हात गार होता. “सांगा ना ताई लवकर. त्यांच्यासमोर मला विचारता यायचं नाही. नाही म्हणतील का?”

“नाही म्हणणार नाहीत,” निकिता म्हणाली.

ते खरंच होतं. आई नाही म्हणणार नाही, ह्याची तिला पक्की खात्री होती. मुलीनं जे विचारलं त्याचं उत्तर तिनं खरं दिलं होतं. जे विचारलं नव्हतं ते मात्र तसंच राहिलं.

शिवांजलीचा चेहरा असा उजळला, की निकितानं मान खाली घातली.

“मग रंग कुठला द्यायचा हो इथं? आईला कधी कुणी आवडनिवड विचारलीच नाही. तुम्हीच सांगा.”

ह्या खोलीचं अजून ठरलं नाही, असं निकिता रुद्रेशला म्हणाली होती ते खोटं होतं. ठरलं होतं. पहिल्याच दिवशी, शेडकार्ड हातात आल्या आल्या ठरलं होतं. फक्त ते कुणाला सांगायचा धीर तिला झाला नव्हता. तिनं पान उलटलं आणि बोट ठेवलं. कोवळ्या हरभऱ्याच्या पाल्याचा हिरवा.

“हा,” ती म्हणाली. “सकाळचं ऊन इथं खाटेपर्यंत येतं. हा उन्हात चांगला दिसेल.”

*

शिवांजलीनं सगळ्यांसमोरच विचारलं. हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि बोलली. तिची आई तिच्यासोबत येईल, मागची खोली तिला मिळावी, बाकी काही नको. मामांचा चेहरा पडला. त्यांना हे माहीतच नव्हतं. मामी तर पदर तोंडाशी घेऊन बघत राहिल्या. अण्णांच्या हातातला कप तसाच थांबला. कुलदीपनं निकिताकडं बघितलं. तिनं पडद्याकडं बघितलं.

मथुराबाई मात्र क्षणभरही थांबल्या नाहीत.

“आवं, मग आनू द्या की! त्यात काय विचारायचं? मागली खोली हाय, मोकळीच हाय.”

“मथुरा,” अण्णा म्हणाले.

“मोकळीच हाय न्हवं का?” मथुराबाई म्हणाल्या. त्या अण्णांकडं बघत नव्हत्या, निकिताकडंही नाही. मोरपंखी भिंतीशी बोलत होत्या. “कोन हाय तिथं?”

अण्णांनी कप खाली ठेवला. निकिता वाट बघत होती. एक शब्द आला असता तर तिनं पुढचं सगळं स्वतः निभावलं असतं, हात जोडून माफी मागितली असती, मीच खोटं बोलले म्हणून सांगितलं असतं. शब्द आला नाही. तिनं शेडकार्ड मिटलं.

मग हसणं-बोलणं एकदम वाढलं. मामांना सगळ्यांत जास्त हलकं वाटलेलं दिसलं. घरातलं एक माणूस कमी होणार म्हणून की भाची उजवली म्हणून, ते त्यांचं त्यांना ठाऊक. जेवणं झाली. निकिताला पाटावर बसवून वाढलं. मथुराबाईंनी दोनदा “लाजू नका” म्हटलं. निघताना मामा निकिताला म्हणाले, “चला बाई, आमी लोहाऱ्यावरूनच जाणार. स्टँडवर सोडतो. एवढ्या उन्हाचं फाट्यावर कुठं थांबता? आन तुमचं कार्ड द्या एक. आमच्या घराला बी रंग काढायचाय.”

“कार्डं संपलीत,” निकिता म्हणाली.

“मी सोडतो त्यांना, मागनं,” कुलदीप म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

“आता ह्या उन्हात फटफटीवर कशाला?” मथुराबाई म्हणाल्या. “जाऊ द्या त्यांच्यासंगं. चारचाकी हाय.”

शिवांजलीला कुंकू लावून झालं, ओटी भरून झाली. करंडा मिटणार तेवढ्यात मामी म्हणाल्या, “ह्या मॅडमला बी लावा की. घर उभं केलंय त्यांनी.”

फारकत झाल्यापासून मथुराबाईंनी लेकीला कुंकू लावलं नव्हतं. संक्रांतीला बायका आल्या की निकिता आपणहून मागच्या खोलीत जाऊन बसायची आणि तिला कुणी बोलवायचं नाही. आता सगळे बघत होते. मथुराबाईंचं बोट करंड्यात गेलं आणि निकिताच्या कपाळावर घाईनं टेकलं. कुंकू थोडं नाकावर सांडलं. त्यांनी ते पदरानं पुसलं. अनोळखी बाईचं कुणी असं पुसत नाही, पण तेवढं कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ओढणीत तांदूळ, खण आणि नारळ घातला.

“माझं सामान राहिलंय आत,” निकिता म्हणाली. “मागून पाठवा.”

“देतो पाठवून,” कुलदीप म्हणाला.

“या बाई परत,” मथुराबाई म्हणाल्या, आणि पाहुणे फाटकाबाहेर पडायच्या आधीच आत वळल्या.

*

लोहाऱ्याच्या स्टँडवर सावलीला जागा नव्हती. ओढणीतली ओटी सांभाळत निकिता खांबाला टेकून उभी राहिली. गाडीत मामींनी तिला लग्न झालंय का विचारलं होतं. ती झालंय म्हणाली. मालक कुठं असतात? पुण्यात. हेही सगळं खरंच होतं. उतरताना शिवांजलीनं खिडकीतून हात बाहेर काढून तिचा हात दाबला होता. “लग्नाला यायचं हं ताई. तुमच्यामुळं झालं हे.”

थोड्या वेळानं कुलदीप फटफटीवर आला. पाठीमागं दोरीनं बांधलेली बॅग. त्याचा चेहरा आनंदानं आणि लाजेनं इतका भरला होता, की त्याला नीट वर बघता येईना.

“आक्का, तिच्या मामाचा फोन आला. पक्कं म्हणाले.”

“मला माहितीय.”

“लग्न व्हऊंदे. मग सांगू तिला सगळं. समजूतदार दिसती.”

“व्हय. समजूतदार हाय.”

“मग तू...” तो बॅगेची दोरी सोडवायला लागला. गाठ सुटेना. “आता सारखं येणंजाणं राहील त्यांचं. तवर मावशीकडं... मंजी, तुला जसं वाटंल तसं.”

घरी चल, असं तो म्हणेल का, ह्याची ती वाट बघत होती, हे तिला तेव्हा कळलं. इतका वेळ तिला वाटत होतं, ती फक्त बसची वाट बघतेय. तिनं गाठ स्वतः सोडवली.

“आन आक्का, मागच्या खोलीचं रुद्रेश विचारत होता.”

“सांगितलाय तिला. हिरवा आहे, शेवटून दुसऱ्या पानावर. तिच्या आईला विचारून मगच मारा म्हणावं.”

धाराशिवची बस लागली. कुलदीपनं घाईघाईनं बॅग खिडकीतून आत सरकवली आणि तिची जागा धरली. ती आत जाऊन बसली. बॅग मांडीवर घेतली तेव्हा तिला जड वाटली. लग्नापर्यंतची बॅग एवढी कशी भरली आईनं, म्हणून ती पुटपुटली, आणि ओटीतला नारळ ठेवायला तिनं चेन उघडली.

वर दोन कुडते होते, टॉवेल होता. त्याखाली तिचा स्वेटर. बाहेर चैत्राचं ऊन डांबरावर नाचत होतं आणि बॅगेत तिचा थंडीचा स्वेटर होता, त्याखाली शाल होती, आणि शालीच्या घडीत, कापड कसरीनं खाऊ नये म्हणून, आईनं नव्या डांबरगोळ्या कागदात बांधून ठेवल्या होत्या.

खिडकीखाली कुलदीप अजून उभा होता. तिनं बघितलं की नाही, हे त्याला बघायचं होतं आणि नव्हतंही. त्याचं लग्न ठरलं होतं, म्हणून ती त्याच्याकडं बघून हसली. मग नारळ स्वेटरवर ठेवला, चेन बसेना म्हणून हातानं सगळं खाली दाबलं आणि चेन ओढून घेतली.